सात नंबरचं बीळ

आमच्या घरात सकाळची सुरुवात पोळपाटाने व्हायची. त्याचा एक पाय आखूड होता. आई लाटायला लागली की टक्-टक्, टक्-टक् असा आवाज सबंध घरात घुमायचा आणि तिसऱ्या मजल्यावरून खालीही जायचा. खालच्या बाई एकदा विचारायला आल्या होत्या, की तुम्ही रोज सकाळी सहा वाजता सुतारकाम करता का? आईने त्यांना दारातच तूप-साखर लावलेली गरम पोळी दिली आणि विषय तिथेच मिटला. ब्राउनश्वाइगच्या अगदी टोकाला आमचं घर. बस तिथून पुढे जातच नसे, ड्रायव्हर खाली उतरून एक सिगरेट ओढायचा आणि बस वळवायचा. त्यापुढे नुसता गहू. बाबा रेल्वेने वोल्फ्सबुर्गला कारखान्यात जायचे, त्यांचा डबा साडेसहाला तयार लागायचा, म्हणून ही सगळी लगबग. मी चौदा वर्षांची होते. मराठी सगळं समजायचं, पण तोंडातून जर्मनच यायचं. आई मराठीत रागवायची, मी जर्मनमध्ये उलट उत्तर द्यायचे, आणि असं आमचं अगदी छान चाललेलं असायचं.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात बार्शीला अण्णा गेले. अण्णा म्हणजे आईचे वडील. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते, आणि निवृत्त झाल्यावरही खाकी कोट सोडला नाही, कारण त्याचे खिसे खोल होते. त्या खिशांत भाजलेल्या शेंगा असायच्या. आई त्यांची एकुलती एक लेक, त्यामुळे लाडाला काही सुमारच नव्हता. आणि नेमकी त्याच आठवड्यात आई बसस्टॉपवर बर्फावरून घसरली. घोट्याला प्लॅस्टर, डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटलेलं. दहाव्याला मामाने स्काइप लावून दिलं. टेबलावर लॅपटॉप, समोरच्या खुर्चीवर आईचा पाय, आणि पडद्यावर नदीचा काठ, पिंड, जरा लांब बाभळीवर बसलेले कावळे. कावळा पिंडाला शिवला म्हणजे गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकलेला नाही, असं आपल्याकडे मानतात. पण कावळे हलेनात. शेवटी मामा हात जोडून म्हणाला, "अण्णा, ताईची काळजी करू नका, आम्ही आहोत." तेव्हा एक कावळा उडाला, खाली आला, आणि चित्र थिजलं. पंख पसरलेला तो कावळा तसाच पडद्यावर राहिला, पिंडापासून हातभर. मग कॉलच तुटला. थोड्या वेळाने मामाचा फोन आला, "शिवला गं ताई, लगेच शिवला!" आईने फोन ठेवला आणि म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून सांगतोय तो."

त्या दिवसापासून तिने दोन गोष्टी सुरू केल्या. एक म्हणजे ज्वारीची भाकरी सोडली. भाकरी आणि शेंगांची चटणी हे अण्णांचं जेवण, आणि आईचंही. भारतातून बॅगेत आणलेलं ज्वारीचं पीठ फ्रीजरमध्ये पडून राहिलं. कावळ्याने घेतलेलं डोळ्यांनी पाहीन तेव्हाच खाईन, असं तिचं म्हणणं. बाबा म्हणाले, "अगं, अण्णांना तरी हे आवडेल का?" तर म्हणाली, "अहो, तुम्ही तुमचा डबा उचला आणि निघा." दुसरी गोष्ट म्हणजे रोजचा घास. पहिली पोळी, चार शितं भात, थोडं वरण, वर तूप, असं बाल्कनीच्या कठड्यावर ठेवायचं. महिन्याभरात घराच्या व्यवस्थापनाकडून पत्र आलं, की बाल्कनीत पक्ष्यांना खाऊ घालणं हाउसऑर्डनुंगमध्ये, म्हणजे इमारतीच्या नियमांत, मना आहे. आई ते पत्र कितीतरी वेळ हातात धरून बसली. एवढ्या मोठ्या देशात बापाला घासभर अन्न ठेवायला जागा नाही, हे ती अगदी शांतपणे म्हणाली, आणि मला पहिल्यांदाच तिची भीती वाटली.

जूनमध्ये आमच्या शाळेचं प्राक्टिकुम असायचं, म्हणजे दोन आठवडे कुठेतरी काम करून यायचं. बाबांची इच्छा मी त्यांच्या कारखान्यात यावं. मी चिडून शाळेच्या फलकावरची सगळ्यात विचित्र चिठ्ठी उचलली. तिच्यावर लिहिलं होतं, रानातले हॅम्स्टर मोजायला मदतनीस हवा. अशा रीतीने मी फ्राउ आलर्स, म्हणजे आलर्सबाई, यांच्या हाती लागले. त्या टपाल वाटायच्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि सायकलवरून उतरताना अजूनही थैली सावरल्यासारखा हात खांद्याकडे न्यायच्या. आज मी त्यांच्या तेव्हाच्या निम्म्या वयाची आहे आणि मला सायकलवर चढायचाही कंटाळा येतो, ते सोडा.

हॅम्स्टर म्हटलं की लोकांना पिंजऱ्यात चाक फिरवणारा मूठभर प्राणी आठवतो. मलाही तेच वाटलं होतं. फ्राउ आलर्स मला हेर, म्हणजे श्रीयुत, काम्पे यांच्या गव्हाच्या शेतावर घेऊन गेल्या. कडेला मातीचा रस्ता, एक अक्रोडाचं झाड, झाडाखाली दोन घडीच्या खुर्च्या. गव्हात तीन पावलांवर परातीएवढी मोकळी जागा होती. हॅम्स्टरने बिळाभोवतालचं सगळं खाऊन साफ केलेलं. एक बीळ तिरकं, जाण्यायेण्याचं. दुसरं सरळ खाली गेलेलं, विहिरीसारखं. "हे कशाला?" मी विचारलं. "पडायला," त्या म्हणाल्या. "वरून कुणी आलं की पायऱ्या उतरायला वेळ नसतो." शेजारी बांबूची काठी, काठीवर पाटी, पाटीवर सात. आम्ही बसलो. कॉफी झाली, पाव झाला, माझे पाय बधिर झाले. आणि मग ती वर आली. मांजरीच्या पिल्लाहून मोठी, पाठ तांबूस, गालांवर पांढरे ठिपके. मागच्या पायांवर उभी राहिली, तर पोट काळंभोर! अख्ख्या जगात जनावरांची पोटं फिकी असतात आणि हिचं काळं, जणू उलटी घातलीय. तिने एक लोंबी वाकवली, दाणे गालात भरले, दुसरी, तिसरी. गाल फुगत फुगत खांद्यापर्यंत गेले. मी श्वास घ्यायचीच विसरले होते. "आल्झो, झालं तर मग," फ्राउ आलर्स कुजबुजल्या, "आता तू बिघडलीस." आणि खरंच, तिथून पुढे मी कशाच कामाची उरले नाही.

काम साधं होतं. सकाळी सातला यायचं, दहापर्यंत बसायचं, आणि वहीत लिहायचं. किती वाजता कोण वर आलं, कोण आत गेलं, आकाशात कोण होतं. प्राक्टिकुम संपलं तरी सुट्टीत मी जातच राहिले. त्यात एक गोष्ट ठरलेली होती. हेर काम्पे हे हाडाचे शेतकरी, बोलणं कमी. त्यांनी फ्राउ आलर्सना शब्द दिला होता, की कापणीच्या दिवशी सात नंबरला आई आणि पिल्लं जिवंत दिसली, तर बिळाभोवतीचा गव्हाचा पट्टा शरदापर्यंत उभा ठेवीन. दिसली नाहीत, तर मशीन सरळ पुढे जाईल. "रिकाम्या बिळासाठी गहू उभा ठेवायला मी काही संत नाही," ते म्हणाले होते. कापलेल्या रानात लपायला काडी नसते आणि खायला दाणा नसतो. उघड्यावरचं हॅम्स्टर दोन दिवसही टिकत नाही. म्हणजे सगळं त्या पट्ट्यावर अवलंबून होतं.

मी रोज सातला शेतावर जाते म्हटल्यावर आईच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी उजेड आला. तिने स्टीलची छोटी डबी माझ्या सॅकमध्ये ठेवली. "शेतात ठेव. तिथे कोण येतंय पत्र लिहायला?" घोटा नीट जुळला नव्हता, तिला तेवढं चालवत नव्हतं. अक्रोडाखाली एक सपाट दगड होता, सात नंबरपासून वीसेक पावलांवर. मी त्यावर घास ठेवायला लागले. तीन दिवस कुणी फिरकलं नाही. चौथ्या दिवशी एक कावळा उतरला, दगडाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि पोळी उचलली. मी घरी धावत सुटले. आई ओट्याशी उभी होती. तिने हातातलं उलथनं खाली ठेवलं आणि तोंडाला हात लावून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तू पाहिलंस. मी कुठे पाहिलं? अण्णांच्या वाढदिवसाला भाकरी घेऊन मीच येते." वाढदिवस जुलैच्या अखेरीस होता.

पुढचे दिवस कसे गेले ते आठवलं की अजून अंगावर शहारा येतो. एका सकाळी हॅम्स्टर-आईच्या मागून तिरक्या बिळातून एक नाक आलं, मग दुसरं. मोजता मोजता सात झाली. सात नंबरला सात! ती एकमेकांच्या अंगावरून पडायची, गव्हाची काडी दोन हातांत धरून कुणी मोठं माणूस असल्यासारखी गंभीरपणे कुरतडायची. आणि वर घार होती. तांबडी घार, तिकडे तिला मिलान म्हणतात, शेपटी खाचेची. फ्राउ आलर्सनी मला लांबच्या पोपलरच्या उंच झाडांच्या रांगेत तिचं घरटं दाखवलं, त्यात दोन पिल्लं माना वर करून बसलेली. "तू हिच्या बाजूची की तिच्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अर्थात हॅम्स्टरच्या. त्यांनी दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावली. "नीट बघ. तीही आईच आहे." मग एकदा मी ते पाहिलं. घार पंख न हलवता शेतावरून आली, नुसती शेपूट वळवत, आणि कुठे काही घाई नसल्यासारखी गव्हात बुडाली. वर आली तेव्हा पायांत पिल्लू होतं. आवाज झाला नाही. मला रडू यायला हवं होतं, पण मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. इतकं सुंदर आणि इतकं भयानक एकाच वेळी असू शकतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

पण त्यानंतर आकडे भराभर उतरायला लागले. सहा, पाच, चार. एका पहाटेनंतर तीन. मी नेमानं लिहीत होते, पण कारण काही लक्षात येत नव्हतं, मठ्ठ ती मठ्ठच. एके सकाळी फ्राउ आलर्सनी वही मागितली. पानं उलटता उलटता त्यांचं बोट थांबलं. "हे रोज सात वाजून दहा मिनिटांनी तुझ्या लिपीत काय लिहितेस? हे लिहिलं की पाच मिनिटांत कावळे. कावळे आले की त्यांचं लुटायला मिलान. जूनच्या सुरुवातीला कावळेच नव्हते इथे." मी देवनागरीत लिहिलेलं होतं 'घास'. जर्मनमध्ये मला त्यासाठी शब्द सापडला नव्हता. 'खाद्य' लिहिलं असतं तर ते जनावराचं झालं असतं, आणि हा तर अण्णांचा होता. मी सगळं सांगितलं, अण्णा, स्काइप, पत्र, सगळं. त्यांनी दगडाकडे पाहिलं. "म्हणजे तू रोज सकाळी सगळ्यांना जेवायला बोलावलंस," त्या म्हणाल्या, "आणि ते आले." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "उद्यापासून नाही. आणि आईला तू सांगायचं, मी नाही."

मी सांगितलं नाही. काय सांगणार होते? आई सकाळी डबी भरताना गुणगुणायला लागली होती. त्या घरात आठ महिन्यांनी कुणी गुणगुणत होतं. मी डबी घेऊन निघायचे, बसस्टॉपच्या बाकावर बसायचे, आणि घास स्वतः खायचे. फेकायचा धीर झाला नाही, अन्न होतं, त्यातून अण्णांचं. घरी गेल्यावर आई विचारायची, "घेतला का गं?" आणि मी म्हणायचे, "या." जर्मनमधलं 'हो' किती सोपं, एक अक्षर, संपलं. असे पाच दिवस गेले. कावळे दोन दिवस येऊन दगड तपासून गेले, मग येईनासे झाले. पण सात नंबरची आईही दिसेना. पिल्लंही नाहीत. शेवटचे दोन दिवस माझ्या वहीत एक ओळ नव्हती.

आणि मग हवामान खात्याने पाऊस सांगितला आणि हेर काम्पेंनी कापणी अलीकडे आणली. नेमका अण्णांच्या वाढदिवसाचा दिवस. मी साडेसहाला पोचले तर मशीन शेताच्या तोंडाशी येऊन उभं, घराएवढं. दव असताना गहू कापता येत नाही, दव वाळलं की सुरू. तेवढाच काय तो आमचा वेळ. हेर काम्पे दर थोड्या वेळाने एक लोंबी तळहातांत चोळायचे, दाणा दातांखाली धरायचे आणि मान हलवायचे, अजून नाही. फ्राउ आलर्स दुर्बीण खाली ठेवत नव्हत्या. आठ वाजले, साडेआठ वाजले. सात नंबरच्या परातीत काही हललं नाही. आणि रस्त्यावरून, काठी टेकत, लंगडत, हातात कापडात बांधलेला डबा घेऊन आई येताना दिसली. मी विसरले नव्हते, पण ती एवढं चालत येईल असं मला वाटलंच नव्हतं.

तिने सगळ्यांना "गुटन मॉर्गन" म्हटलं, दगड धुतला, बाटलीतलं पाणी तेवढ्यासाठी आणलं होतं, आणि त्यावर भाकरीचा तुकडा आणि चटणी ठेवली. मग हात जोडून उभी राहिली. आकाश रिकामं होतं. "कावळे कुठे गेले गं? रोज येतात ना?" तिने घड्याळ पाहिलं. "त्यांना वेळ माहीत असेल, नाही? सातची. मलाच उशीर झाला." ती स्वतःलाच दोष द्यायला लागली तेव्हा मला सहन होईना. "आई, मी खाल्ला," मी म्हणाले. मराठीत म्हणाले. "पाच दिवस मीच खाल्ला. कावळ्यांच्या मागून घार येऊन पिल्लं उचलत होती. मी खोटं बोलले." एका दमात सगळं. आईने माझ्याकडे पाहिलं, मग दगडाकडे, मग खाली बसली, रस्त्यातच, मातीत. तिने मुस्काटात मारली असती तर मी तिचे उपकार मानले असते.

हेर काम्पेंनी लोंबी चोळली, दाणा चावला, आणि या वेळी मान हलवली नाही. "वाळलं," ते म्हणाले आणि मशीनकडे निघाले. तेवढ्यात फ्राउ आलर्सनी माझं मनगट घट्ट धरलं. तिरक्या बिळाच्या तोंडाशी नाक होतं. ती वर आली, पूर्वीपेक्षा वाळलेली, आणि तिच्यामागून एक, दोन, तीन. तीनही! माझ्या तोंडून आवाज निघणार तोच गव्हावरून एक सावली सरकत आली. भाकरी घारीने लांबून हेरली असणार. पण मग तिला खाली पिल्लं दिसली. घारीने शेपूट वळवली आणि उतरली. पिल्लं सरळ बिळात पडली, एकामागून एक, दगड टाकावेत तशी. तिसरं अजून काठावर धडपडत होतं. आणि ती आई, अर्ध्या किलोचा जीव तो केवढा, पळाली नाही. मागच्या पायांवर उभी राहिली, काळं पोट पुढे, गाल फुगवून, दात वाजवत, आणि किंचाळली. पंख आमच्यासमोर उघडले, दारं उघडावीत एवढे. मला घारीचा पिवळा डोळा दिसला. हॅम्स्टरने उडी मारली, खाली नव्हे, वर, तिच्या पायांवर! घार हवेतच वळली, गव्हाच्या लोंब्या वाकल्या, आणि ती वर चढत चढत पोपलरकडे निघून गेली. परातीत हॅम्स्टर अजून उभी होती, तिसरं पिल्लूही बिळात पोचलेलं. मग तिने इकडेतिकडे पाहिलं, चार पायांवर आली, आणि शांतपणे एक लोंबी वाकवून दाणे गालात भरायला लागली.

हेर काम्पेंनी टोपी काढून हातात घेतली होती, ती पुन्हा घालायचं त्यांना सुचत नव्हतं. मग ते स्वतः दोन काठ्या घेऊन गेले आणि एक अक्रोडापाशी रोवली, दुसरी पार शेताच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही मागितलं होतं त्याच्या तिप्पट. "हे उभं राहील," एवढंच म्हणाले. फ्राउ आलर्स दुर्बिणीच्या काचा पुसत राहिल्या, काचांवर काही नव्हतं.

मी आईकडे वळले. तिचे डोळे सात नंबरवर होते. "अख्खे गाल भरले बघ तिने," ती म्हणाली. "अण्णांचा कोट." मग तिने दगडावरचा भाकरीचा तुकडा उचलला, डब्यातली भाकरी काढली आणि तिचे तीन भाग केले. एक फ्राउ आलर्सना, एक हेर काम्पेंना, वर शेंगांची चटणी. हेर काम्पेंचे डोळे भरून आले ते चटणीने, असं ते पुढे कित्येक वर्षं सांगत राहिले. तिसरा भाग तिने माझ्यापुढे धरला. मला घेववेना.

"घे. पाच दिवस खात होतीस ना?"

"हो."

"सगळा? तूप-बीप सगळं?"

"सगळा."

"मग वेडे, अण्णांना पोचलाच की. नात जेवत असताना ते कावळ्याची वाट कशाला बघतील?"

आणि दगडावरून उचललेला तो तुकडा तिने चटणीत बुडवला आणि स्वतःच्या तोंडात घातला.